वाजवणार कोण?

मी यंत्रावरचा माणूस. लेथ, मिलिंग आणि मोजमाप यांतच आयुष्य गेलं. पण कामाकडे बघायचं कसं, हे मला शिकवलं एका परक्या वाद्यानं आणि ते बनवणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी. हे देणं फिटणारं नाही. निदान नोंदवून ठेवावं, एवढ्यासाठीच हे लिहितो आहे.

लहानपण मिरजेत गेलं. रेडिओवर हिंदी गाण्यांच्या धून लागायच्या. व्हॅन शिप्ले, हजारा सिंग ही नावं तेव्हाच कानांवर पडली. सूर एकातून दुसऱ्यात घसरत जायचे आणि शब्द नसतानाही कुणी गातंय असं वाटायचं. ती हवाईयन गिटार. आडवी ठेवायची, तारांवर पोलादी कांडी फिरवायची, एवढीच माहिती. कॉलेजात मात्र सगळ्यांना हवी होती ती पडद्यावरच्या हिरोच्या गळ्यातली स्पॅनिश गिटार. मीही तीच घेतली. आडवी गिटार म्हणजे मागच्या पिढीचं खूळ, असं आम्ही ठरवूनच टाकलं होतं.

नोकरीनं मला अमेरिकेत, टेनेसीत नेलं. कारखाना मोटारींच्या सुट्या भागांचा. एकच भाग हजारोंनी काढायचा, तो कुठल्या गाडीत बसतो याची चौकशीही करायची नाही. तिथल्या एका सहकाऱ्यानं मला त्या गृहस्थांकडे पाठवलं. त्यांना अ‍ॅल्युमिनियमचे काही भाग करून हवे होते. घरामागच्या गॅरेजमध्ये ते पेडल स्टील गिटार बांधायचे. आमच्या घरी त्यांचं नाव ‘गॅरेजवाले आजोबा’ असंच पडलं.

चार पायांवर उभी असलेली ती लांबट पेटी पाहून मला ही गिटार आहे हेच पटेना. दहा तारा, डाव्या हातात कांडी, उजव्या हाताला नख्या. डावा पाय पेडलांवर, उजवा आवाज कमीजास्त करण्याच्या पेडलवर आणि दोन्ही गुडघे लिव्हरांवर. कांडीनं सगळ्या तारांचा सूर एकत्र सरकतो; पेडल दाबलं की ठरलेल्या तारा तेवढ्या चढतात, बाकीच्या जागच्या हलत नाहीत. आजोबांनी पेटी उलटी केली, तेव्हा आत दांडे, क्रँक, सळ्या आणि स्प्रिंगा यांची दाटी दिसली. पेडल सोडलं की तार मूळ सुरावर बिनचूक परत आली पाहिजे. त्यात पेडल दाबल्यावर मेपलची पेटी केसभर जरी वाकली, तरी इतर तारा उतरतात. आमच्या कारखान्यातले मापांचे काटे मला कडक वाटत होते. इथे कानाचा काटा त्याहून कडक होता.

विजेवरची गिटार मुळात आडव्या वाद्यासाठी जन्मली, हेही त्यांनीच सांगितलं. हवाई संगीताची अमेरिकेत लाट होती आणि मोठ्या जागेत त्या वाद्याचा आवाज पोचत नव्हता. त्या गरजेतून 1932 साली रिकनबॅकरची ‘फ्राइंग पॅन’ बाजारात आली. ती मांडीवरची स्टील गिटार होती. लिओ फेंडर यांनीही आधी लॅप स्टील बनवल्या. 1950 साली आलेली त्यांची उभी, म्हणजे गळ्यात अडकवायची गिटार त्यानंतरची. पुढे 1954 मध्ये वेब पिअर्स यांच्या ‘स्लोली’ या गाण्यात बड आयझॅक्स यांनी पेडलनं तार वाजती असतानाच चढवली आणि नॅशव्हिलमधल्या स्टीलवाल्यांची पेडल बसवून घेण्यासाठी धावपळ उडाली.

तरीही जग जिंकलं ते उभ्या गिटारनं. मी कारण विचारलं, तर आजोबा हसून म्हणाले, “तुझ्या कारखान्याला विचार.” उभ्या गिटारचा नमुना एकदा ठरला की ती हजारोंनी निघते. शिकाऊला स्वस्तात मिळते. त्यानं महिन्याभरात कोपऱ्यात ठेवली तरी बनवणाऱ्याचं काही अडत नाही. पेडल स्टीलला भाग शेकड्यांनी, स्वस्त नमुना जवळजवळ नाहीच. म्हणून शिकणारे थोडे आणि म्हणून बनवणारेही थोडे. गिब्सन आणि फेंडर दोघांनीही हे वाद्य बनवून पाहिलं आणि पुढे सोडून दिलं. ते तगलं ते आजोबांसारख्यांच्या छोट्या कार्यशाळांत. त्यातही प्रत्येकाची मागणी वेगळी. बडी एमन्स आणि जिमी डे या दोन मोठ्या वादकांचे पेडलांचे क्रम एकमेकांच्या उलट होते, त्यामुळे ऑर्डर घेताना आजही विचारावं लागतं, एमन्स की डे?

मी उत्साहानं सुचवलं, “एकच नमुना ठरवा, शंभर नग काढू, किंमत उतरेल.”

“शंभर गिऱ्हाइकं आणशील एक वेळ,” ते म्हणाले, “पण त्यांचे गुडघे एकसारखे कुठून आणशील?”

मग त्यांनी मला एका वादकाकडे नेलं. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्याला लिव्हर जड जात होती. मी केलेला क्रँक आराखड्याप्रमाणे अचूक होता. आजोबांनी त्याला वाजवायला सांगितलं आणि बराच वेळ त्याच्या पायाकडे बघत राहिले. मग सळी क्रँकच्या आतल्या छिद्रात अडकवली. लिव्हर थोडी जास्त सरकवावी लागली, पण दाब हलका झाला. वादकाचा चेहरा सैलावला. आराखड्यात गुडघा नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

आई थकली तसा मी परत आलो आणि कुपवाडच्या एमआयडीसीत छोटं वर्कशॉप टाकलं. त्याच सुमारास मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जाऊन बसू लागलो. तंबोरा करायचा तर गाणार कोण, पट्टी कुठली, हे कारागीर आधी विचारतो. शाळेत असताना त्याच भागातून जाता-येता मला वाळत घातलेले भोपळे तेवढे दिसले होते. दारातलं शहाणपण ओळखायची नजर मला टेनेसीतल्या गॅरेजनं दिली.

आमच्याकडे सुट्या, एकेका नगाची कामं येतात: जुन्या यंत्राचा मोडलेला दाता, हात अधू झालेल्या शिंप्याच्या मशीनचा खटका. नव्या पोरांना मी माप घेण्याआधी वापरणाऱ्याला भेटून यायला सांगतो. त्यात वेळ जातो, मोठी कामं दुसरीकडे जातात, वर्कशॉप लहानच राहिलं. पोरांना वाटतं ही माझीच शिस्त. मी दर वेळी सांगतो की ती उसनी आहे.