देवाला जातो म्हणून

धाकट्याने पुण्याहून मोबाइलवर एक तक्ता पाठवला. सात दिवसांचे सात रकाने, प्रत्येकात सकाळ, दुपार, संध्याकाळ. वर ठळक अक्षरांत लिहिलेलं: ‘आई-आण्णा, दीव’. हिने चष्मा लावून तो दोनदा खालीवर सरकवला आणि मला विचारलं, “यात देव कुठंय?”

आमच्या केम गावात माझ्या पिढीचं हे असंच. नवराबायकोने दोघांनीच घराबाहेर पडायचं, तर तिसरा देव बरोबर लागायचा. १९८५ साली आमचं लग्न झालं. त्यानंतरचा आमचा प्रवास म्हणजे गावातल्या उत्तरेश्वराला नमस्कार, मग तुळजापूर, मग जेजुरी. जेजुरीत बायकोला उचलून पाच पायऱ्या चढायच्या. तेवढाच काय तो चारचौघांत केलेला आमचा शृंगार, आणि तोही खंडोबाच्या परवानगीने. मधुचंद्र हा शब्द मासिकात वाचलेला होता. घरात तो मोठ्याने उच्चारायची छाती नव्हती.

आमच्या घरात कुंकवाचा धंदा. केमचं कुंकू पंढरपूर, तुळजापूरपासून लांबलांबच्या देवळांपर्यंत जातं. म्हणजे कुठल्याही देवाला गेलो तरी बाहेरच्या दुकानात आपल्याच गावचा लाल ढीग. कारखान्यातून चार दिवस सुटका म्हणून निघावं आणि दुकानदाराने हाक मारावी, “केमकर, मागचा माल जरा फिका होता बरं का.” तळपाय कायमचे लाल. लॉजवाल्याने सकाळी चादर बघितली की त्याला वेगळं गाव सांगावं लागत नसे.

दोन वर्षांनी, १९८७च्या जानेवारीत, संक्रांतीचा माल रवाना झाला आणि जरा उसंत मिळाली. मी धीर करून दादांना, म्हणजे वडिलांना, म्हटलं, “पंढरपूर, नरसोबाची वाडी, कोल्हापूर करून यावं म्हणतो. जोडीनं.” दादांनी पंचांग काढलं नाही की पैशाचं विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, “जोतिबा का सोडताय?” मग जोतिबाही धरला आणि सात दिवस मंजूर झाले. त्या सातांतले दोन आम्ही चोरणार होतो. ठरवलं होतं रात्री, कारखान्याच्या ओट्यावर, कुजबुजत. हिला समुद्र बघायचा होता.

आमचं नियोजन म्हणजे काय होतं, हे धाकट्याला सांगितलं तर त्याला हसू येतं. मालवणला कुणी ओळखीचं नव्हतं. कुर्डुवाडीच्या एका हमालाचा मेहुणा तिकडे एसटीत होता, त्याने सांगितलं की कोल्हापुरातून गाडी सुटते आणि बंदराजवळ खानावळवाल्या बाई एक खोली देतात. बस्स, एवढ्या माहितीवर आम्ही निघालो. वळकटी, एक ट्रंक, कडक भाकरी, धपाटी, शेंगाचटणी आणि मालवणच्या त्या अनोळखी बाईंसाठी कुंकवाची पुडी.

केमच्या खिडकीवर पुठ्ठ्याचं तिकीट मिळायचं. मास्तर ते यंत्रात घालून खट्‌कन तारीख उठवायचे. माझ्या बोटाचं कुंकू त्यावर लागायचं आणि पुढचा तपासनीस तिकीट उलटंपालटं करून बघायचा. पॅसेंजरने ढवळसवरून कुर्डुवाडीला यायचं आणि तिथून बार्शी लाइटची छोटी गाडी धरायची. अडीच फुटांचा रूळ. ही लाइन १८९७ साली बार्शीपर्यंत झाली, १९०६ साली पंढरपूरला पोचली आणि १९२७ साली मिरजेला. आमच्याकडच्या कित्येक जोडप्यांचं सगळं देशाटन त्या अडीच फुटांवरच झालेलं आहे. समोरासमोर बसलं की गुडघ्याला गुडघा लागायचा. घरात जी जवळीक चार भिंतींत मिळत नव्हती ती रेल्वेने अशी राजरोस करून दिली होती, याबद्दल त्या गोऱ्या इंजिनियराचे आभार मानायचे राहूनच गेले.

पंढरपूर खरोखरच केलं. वाडी केली, अंबाबाई केली, जोतिबा केला. खोटं अगदी पोटात राहू नये म्हणून घाईघाईने केला. मग कोल्हापूरच्या स्टँडवर भल्या सकाळी लाल गाडीत बसलो. घाट उतरताना ही दोनदा ओकली. तिसऱ्यांदा म्हणाली, “देवाला खोटं बोललो त्याचंच हे.” दुपार कलता कलता माडांच्या मधून पाणी दिसलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारलं, “अहो, याची पाळी कुणाची असती?”

हा प्रश्न कोकणातल्या माणसाला कळायचा नाही. आमच्या करमाळा तालुक्यात पाणी म्हणजे पाळी. विहिरीत चार भाऊ वाटेकरी असले की कुणाची मोट कधी, आणि नंतर कुणाची मोटर कधी, यावरून डोकी फुटलेली आम्ही पाहिलेली. १९७२च्या दुष्काळात मी रोजगार हमीच्या रस्त्यावर आईबरोबर खडी फोडायला बसलेलो. आणि हे एवढं पाणी नुसतं पडून होतं, येत होतं, परत जात होतं.

दुसऱ्या दिवशी होडीने सिंधुदुर्गात गेलो. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर या किल्ल्याचं काम सुरू केलं, हे शाळेत पाठ केलेलं. पण तट, बुरूज, शिवराजेश्वराचं देऊळ हे सगळं पाहून झालं तरी आमचे पाय अडले ते विहिरींपाशी. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंनी खारा समुद्र आणि मधोमध गोडं पाणी. हिने ओंजळीने चाखून पाहिलं, मग मला चाखायला लावलं, मग पुन्हा स्वतः. होडीवाला हाका मारत होता. समुद्र बघायला आलेली बाई तासभर विहीर बघत बसली, हे मी त्यानंतर निदान शंभर जणांना सांगितलं असेल.

परत किनाऱ्यावर आल्यावर चपला काढून ती पाण्यात उभी राहिली. तळपायाचं कुंकू काही गेलं नाही. ते असं जातच नाही. खानावळवाल्या बाईंनी मात्र पुडी उघडून लगेच कपाळाला लावली आणि आमच्या पानात तांदळाची भाकरी वाढली. ज्वारीची नसली तरी भाकरीच. दोन दिवस तिथे आम्ही काय केलं, असं कुणी विचारलं तर सांगण्यासारखं काही नाही. बसून राहिलो. दुपारी गाव झोपलं की आम्हीही झोपलो. लग्नानंतर दुपारी झोपायची तिची ती पहिलीच वेळ. जागी झाल्यावर ती दचकून उठली आणि पदर सावरत विचारलं, “आत्याबाईंनी हाक मारली का?”

आत्याबाई म्हणजे माझी आई. घरी आल्यावर आम्ही देवांचे अंगारे वाटले, बुक्का वाटला, पेढे वाटले. आठवड्याने आईने धुवायला पिशवी उलटी केली आणि कोपऱ्यातून चिमूटभर वाळू पडली. आईचं आयुष्य कुंकू चिमटीत चोळून त्याचा कस सांगण्यात गेलेलं. दाणा जाड आहे, पीठ जास्त पडलंय, हे ती न बघता बोटांनी सांगायची. तिने वाळू चिमटीत घेतली, चोळली आणि म्हणाली, “ही चंद्रभागेची न्हाई.”

बाकी एक अक्षर बोलली नाही. दादांनाही सांगितलं नाही. त्या नवरात्रात, तुळजापूरचा माल भरायला दोघी रात्री जागत असताना, तिने हिला हळूच विचारलं, “लई मोठा असतो का गं?”

“हो, आत्याबाई.”

“आन खरंच खारट?”

“व्हय.”

“पुढच्या खेपेला मलाबी न्या त्या देवाला.”

नेलं नाही. दुसऱ्या वर्षी दादांना अर्धांग झालं, मग बोअर घेतलं ते कोरडं गेलं, मग पोरांच्या शाळा. २००४ साली आई गेली. उजनीचं पसरलेलं पाणी दाखवून एकदा मी तिला म्हटलं होतं, “असाच असतो, फक्त पल्याड दिसत न्हाई.” ती म्हणाली, “मग हा कशाला दाखवतोस?”

आता दीव. धाकट्याचा पहिला आग्रह अंदमानचा होता. हॅवलॉक बेटाचं नाव आता स्वराज द्वीप आहे, पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालंय, एवढी माहिती त्याने पुरवली. पण विमानात बसायला ही तयार नाही. गोव्याला गर्दी फार. मग दीव निघालं: सौराष्ट्राच्या टोकाचं लहानसं बेट, पुलाने जोडलेलं, शांत. १९६१च्या १९ डिसेंबरपर्यंत पोर्तुगिजांच्या ताब्यात. गंमत म्हणजे आम्ही मालवणात चोरून बसलो होतो तेव्हा दीवचा कारभार तिथून जवळच्या पणजीहून चालत होता. गोवा, दमण आणि दीव मिळून एकच केंद्रशासित प्रदेश होता. त्याच वर्षी ३० मेला गोव्याचं राज्य झालं आणि दीव मागे राहिलं. मागे राहिलेली गावं मला आवडतात. आमच्या गावावरून मुंबई-सोलापूर वंदे भारत २०२३च्या फेब्रुवारीपासून धडाडत जाते; केमला ती थांबत नाही.

धाकट्याच्या तक्त्यात काय नाही? पोर्तुगिजांचा १५३५चा किल्ला सकाळी साडेनऊला. नायडा गुंफा अकराला. नागवा किनारा, तिथली होका नावाची फांद्या फुटणारी माडासारखी झाडं. खुकरी युद्धनौकेचं स्मारक: ९ डिसेंबर १९७१ला दीवच्या समुद्रात ती बुडाली, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला नौका सोडून गेले नाहीत, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. हे बघायला हवंच, त्यात वाद नाही. पण पुढे ‘सूर्यास्त, ६.२० ते ६.५०’ असंही लिहिलंय. शनिवार-रविवार टाळा, कारण गुजरातेत दारूबंदी आहे आणि दीवला नाही, तेव्हा सुट्टीला तिकडे झुंबड उडते. ही सूचना मात्र त्याची अगदी पक्की. आणि खाली लाल अक्षरांत इशारा: ‘दुपारी दुकानं बंद, गावात काही करण्यासारखं नसतं.’

मी त्याला फोनवर म्हटलं, “अरे, आम्ही त्यासाठीच चाललोय.”

तो म्हणाला, “आण्णा, मग सात दिवस कशाला? तीन बास झाले.”

याचं उत्तर मला देता आलं नाही. त्याचं चुकत नाही. तो आणि सूनबाई वर्षातून दोनदा जातात, कुणाला विचारत नाहीत, मला त्याचा आनंदच आहे. खोटं बोलून दोन दिवस मिळवण्यात काही मोठेपणा नव्हता. हिच्या पोटात ते खोटं पुढे कित्येक वर्षं ढवळत होतं. पण त्यांची सहल मी बघतो तेव्हा वाटतं, यांना देव लागत नाही हे खरं, देवाच्या जागी तक्ता आलाय. आम्ही देवाला जातो सांगून समुद्रावर बसलो; हे समुद्रावर जातो सांगून तक्ता पुरा करून येतात.

तिकिटाचं बघा. आता ६० दिवस आधी सकाळी आठला मोबाइल घेऊन बसायचं. पुण्याहून वेरावळला आठवड्यातून एकदाच गाडी, म्हणून धाकटा गजर लावून उठला आणि चार मिनिटांत दोन बर्थ मिळवले. शेजारच्या गावातून माहिती काढायला आम्हाला तेव्हा महिना लागला होता. खोलीचे फोटो आत्ताच बघितले, गादी, नळ, खिडकीतून दिसणारं पाणी सगळं. हिने ते बघून मोबाइल पालथा ठेवला. “सगळं आत्ताच बघितलं तर तिथं जाऊन काय बघू?”

वेरावळला उतरलं की सोमनाथ पाच-सहा किलोमीटरवर. हिच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळालं. पहिला दिवस सोमनाथाचा ठरला. ज्योतिर्लिंग आहे म्हटल्यावर भावकीतही सांगायला सोपं जातं. साठीच्या जोडप्याने नुसतं समुद्रावर बसायला जायचं म्हणजे अजूनही आमच्याकडे भुवया वर जातात. पुढे ८०-९० किलोमीटरवर दीव. आणि दीवमध्येच फुदम गावाशी गंगेश्वर आहे, कपारीत पाच शिवलिंगं, भरतीला लाटा येऊन त्यांना अंघोळ घालतात. हे कळल्यावर हिने चष्मा लावून तो तक्ता पहिल्यांदा नीट वाचला. मग पेन्सिलने कागदावर उतरवून घेतला आणि खोडायला बसली. गुंफा राहिल्या, किल्ला राहिला, खुकरी राहिलं. सूर्यास्ताची वेळ खोडली. दुपारचे सगळे रकाने खोडले. सहाव्या दिवशी लिहिलं: ‘गंगेश्वर, भरती बघून. आत्याबाईंची पुडी.’

ती पुडी कारखान्यात बांधून ठेवलीय. जुन्या पद्धतीचं कुंकू, हळकुंड, सवागी आणि लिंबाचा रस, आई करायची तसं. हल्ली बाजारात ते चालत नाही, महाग पडतं, म्हणून मी स्वतः पावशेरभर केलं. चिमटीत चोळून बघितलं. आईने पास केलं असतं का, सांगता येत नाही. दाणा थोडा जाड राहिलाय.

सातवा रकाना मोकळा आहे. धाकट्याने विचारलं तर ‘परतीची तयारी’ म्हणून सांगायचं ठरलंय.

एक गोष्ट राहिली. सौराष्ट्रात बाजरीचा रोटला सगळीकडे मिळतो, हे माहीत आहे. पण सात दिवस बाजरी हिला सोसायची नाही. दीवला ज्वारीचं पीठ मिळतं का? जाऊन आलेल्यांपैकी कुणाला ठाऊक असेल तर कळवा, म्हणजे ट्रंकेत तेवढी जागा होईल.