वस्तोकची शेगडी

वाचकहो, आपल्या घरचा विस्तव विझला, तर शेजारून निखारा आणता येतो. परंतु जेथे शेजारच नाही, तेथे काय करावे? अंटार्क्टिका खंडाच्या अंतर्भागातील ‘वस्तोक’ या संशोधन-ठाण्यातील मंडळींवर एकदा असाच प्रसंग आला होता.

सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९५७ च्या डिसेंबरात वसविलेले हे ठाणे आज रशियाकडे आहे. किनाऱ्यापासून हजाराहून अधिक किलोमीटर आत, ३,४८८ मीटर उंचीच्या हिमपठारावर ते उभे आहे. २१ जुलै १९८३ रोजी येथे उणे ८९.२ अंश सेंटिग्रेड तापमान नोंदले गेले. पृथ्वीवरील कोणत्याही हवामान-केंद्रात याहून कमी तापमानाची नोंद झालेली नाही. हवा इतकी विरळ, की नवागताला चार पावले चालताच धाप लागते. पाणी हवे, तर बर्फ वितळवावे लागते. हिवाळ्यात सुमारे चार महिने सूर्यदर्शन होत नाही आणि बाहेरून मदतही पोहोचू शकत नाही.

अशा हिवाळ्याच्या तोंडावर, १२ एप्रिल १९८२ रोजी, तेथील वीजघराला आग लागली. एक यंत्रज्ञ प्राणास मुकला. विजेबरोबर ऊब गेली, उजेड गेला. उरलेल्या वीस जणांनी वायूच्या नळकांड्यांच्या शेगड्या बनविल्या, एक जुने जनित्र चालू केले आणि काजळी सोशीत, दाटीवाटीने राहून तो हिवाळा काढला. शक्य तेवढे संशोधनही त्यांनी सोडले नाही.

हा खटाटोप कशासाठी, असे आपण विचाराल. येथील हिमस्तरांत प्राचीन काळची हवा बुडबुड्यांच्या रूपाने कोंडलेली आहे. १९९८ पर्यंत वेधन ३,६२३ मीटर खोल गेले आणि चार लाखांहून अधिक वर्षांच्या हवेचा इतिहास हाती आला. त्या साऱ्या काळात कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण आणि तापमान ही जोडीनेच चढत-उतरत आली, असे त्यावरून दिसले. आज मात्र कोळसा आणि तेल जाळून मानवाने हे प्रमाण त्या चार लाख वर्षांत कधीही नव्हते इतके वाढविले आहे.

मुलांच्या पुस्तकात हे आकडे एका ओळीत मावतात. ती ओळ त्यांना वाचून दाखविताना वस्तोकच्या शेगडीची गोष्टही अवश्य सांगावी.