अब्बांची फियाट

अब्बा गेले आणि त्यांची १९७०ची फियाट आम्हा भावंडांच्या वाट्याला आली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेली, १०८९ सीसीची, स्टिअरिंगजवळ गिअर असलेली.

भाईजान म्हणतात, “सुटे भाग मिळत नाहीत. नव्या गाडीचं इंजिन बसवू, चालेल तरी.” त्यांचं म्हणणं खोटं नाही, गाडी चालण्यासाठीच असते. पण इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी हवी, आरसी बुकातला नंबर बदलायला हवा, नव्या जोराला पुरतील असे ब्रेकही हवेत. शिवाय २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते, ती मूळ रूप राखलं तरच.

आम्हाला वाटतं, टायर, वायरी, ब्रेकचे पाइप खुशाल नवे घालावेत. इंजिन मात्र तेच राहावं. रिबोअर करून, नवे पिस्टन-रिंग टाकून ते पुन्हा उभं राहतं. गाडी गल्लीच्या तोंडाशी असतानाच जो आवाज ऐकून अम्मी चहाचं आधण ठेवायची, तो आवाज बाजारात मिळत नाही.

भाईजान मोठे आहेत. आमची त्यांच्याकडे एवढीच अर्जी: एकदा मिस्त्रीला इंजिन उघडून पाहू द्या, मग काय तो फैसला करा.