अकरा वर्षांनी पाहिलेले आमचे बेट

मुंबई हे बेट आहे हे आम्हाला शाळेत शिकवले होते. सात बेटांची नावे पाठ केली, परीक्षेत लिहिली आणि विसरलो. नायगावच्या बी. डी. डी. चाळीत वाढलेल्या पोरांना बेट कुठून दिसणार? जिकडे पाहावे तिकडे चाळी, गिरण्यांची धुराडी आणि लोकल. चहूबाजूंनी पाणी म्हणजे काय, हे आम्हा दोघा भावांना कळले ते बहरीनला गेल्यावर.

बहरीनही बेटच. २०१२ साली आम्ही तिकडे गेलो. एक इलेक्ट्रिशियन, एक ड्रायव्हर. पगार वेळेवर मिळाला. तिथे जात कुणी विचारली नाही असे मात्र म्हणवत नाही. विचारली ती आपल्याच देशातल्या माणसांनी, आडनावावरून. पण ते गाऱ्हाणे आज नको. सांगायचे आहे ते पाण्याचे. तिथे नळाला येते ते मुख्यतः समुद्राचे खारे पाणी गोडे केलेले. प्यायला बाटल्या विकत आणायच्या. पाऊस वर्षातून मोजके दिवस, तोही शिंतोडे उडाल्यासारखा. दर दोन वर्षांनी महिन्याची रजा मिळे, ती लग्ने, बारशी आणि दवाखान्यात संपे. अकरा वर्षांत मुंबई डोळे भरून पाहिली अशी नाहीच.

२०२३ च्या जूनमध्ये आम्ही कायमचे परत आलो. महिनाअखेरीस पाऊस सुरू झाला आणि आमचा हिशेबही सुरू झाला. चाळ पाडून टॉवर होणार, १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे घर मिळणार. पण टॉवरचा दरमहाचा मेंटेनन्स कोण भरणार? त्यापेक्षा ते घर भाड्याने द्यावे, बदलापूरला फ्लॅट घ्यावा आणि आईला घेऊन तिकडे जावे. एजंटाला तोंडी होकारही दिला.

आई फक्त एवढेच म्हणाली, "तिकडचं घर बघायला जाताय ना, मग आधी इकडचं तरी बघा."

एका मंगळवारी सकाळी सहाला ती आम्हाला चैत्यभूमीवर घेऊन गेली. ६ डिसेंबरला आम्ही लहानपणापासून आलो होतो, पण त्या दिवशी दिसते ती पुढच्या माणसाची पाठ. आज कुणीच नव्हते. एक म्हातारी उपासिका ओल्या पदरात फुले घेऊन आली होती, एक बाई फरशी धूत होती. वंदना करून मागे गेलो तर भरतीच्या लाटा भिंतीवर आपटत होत्या. उजवीकडे माहीम, डावीकडे वरळी, मधे सागरी सेतू पावसात अर्धा पुसलेला. ७ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांना इथेच अग्नी दिला. त्या वेळी भदन्त आनंद कौसल्यायन यांनी हजारोंना धम्मदीक्षा दिली, त्यांत आमचे आजोबा होते. आई म्हणाली, "समुद्र होता का तिथं, असं ते मला विचारायचे. त्यांना माणसंच आठवायची."

सप्टेंबरात कान्हेरीला गेलो. हे खरे तर मुंबई बेटाच्या उत्तरेचे साष्टी बेट; बोरिवलीला उतरायचे आणि राष्ट्रीय उद्यानातून वर जायचे. शंभराहून जास्त लेणी, जवळजवळ हजार वर्षे भिक्खूंची वस्ती. तिसऱ्या क्रमांकाचे मोठे चैत्यगृह पाहून सगळे परततात. आई मात्र वर चढत गेली. गुडघ्यावर हात, पण थांबेना. वर लेण्यालेण्यापाशी खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. त्यांना शिलालेखांत 'पोढी' म्हटले आहे, आणि त्या खोदण्यासाठी कल्याण-सोपाऱ्याकडच्या माणसांनी दान दिल्याचे कोरून ठेवले आहे. पावसाचे पाणी टाक्यात यावे म्हणून कातळात बारीक पन्हळी काढल्या आहेत. आमच्यातला इलेक्ट्रिशियन त्या पन्हळींच्या उतारावर बोट फिरवीत बराच वेळ बसला. छिन्नी-हातोड्याने इतका नेमका उतार काढायचा, हे काम करणाऱ्यालाच कळते.

आईने चाळीच्या नळावर पहाटे हंडे लावण्यात जन्म घालवला. तिच्या सासऱ्यांच्या लहानपणी गावच्या विहिरीवर आपल्याला मज्जाव होता. महाडचे तळे उघडायला १९२७ साल उजाडावे लागले. ती एका टाक्याच्या काठाशी वाकली, ओंजळ भरली, तोंडावरून फिरवली आणि भाकरी सोडायला बसली.

शिवडी तर आमच्या चाळीपासून चालत जाण्याजोगी. तिथल्या चिखलावर थंडीत रोहित पक्षी उतरतात हे आम्ही बहरीनमध्ये मोबाईलवर पाहिले, घरी असताना नाही! २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू सुरू झाला, तो शिवडीहूनच निघतो. त्याच महिन्यात ओहोटीची वेळ धरून आम्ही जेट्टीवर गेलो. एकीकडे टँकर, गंजक्या बोटी, तेलाचा वास. समोर करड्या गाळात हजारो गुलाबी पक्षी माना खाली घालून चरताहेत. घाई नाही, भांडण नाही. बाबा गिरणीतून सुटले की कधीकधी इकडे येऊन बसायचे, असे आईने तिथे सांगितले. १९८२ च्या संपानंतर तर रोजच. आम्हाला वाटायचे, ते काम शोधायला जातात.

चाळीचे गोडवे आम्ही गाणार नाही. गाणाऱ्यांनी एकदा सामायिक संडासापुढे रांग लावून बघावी. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या पहिल्या कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या, तेव्हा नायगावातही पेढे वाटले गेले. आमच्या इमारतीचा नंबर अजून यायचा आहे. मेंटेनन्सचे गणित अजून सुटलेले नाही, आणि बदलापूरचे टोकनही भरलेले नाही.

एजंटाचा फोन रविवारी येतो. तो आई उचलते आणि सांगते, "पोरं घरात नाहीत. शिवडीला पक्षी बघायला गेलीत."