सीबीसीच्या रिपोर्टवरच्या त्या तीन छोट्या टेकड्या

सीबीसीचा रिपोर्ट हातात आला की तुम्ही काय बघता? हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट आणि ठळक अक्षरात छापलेला एखादा आकडा. बऱ्याच रिपोर्टवर टेकडीसारखे तीन छोटे आलेखही असतात. त्यांच्याकडे कोणी बघत नाही. खरं सांगायचं तर, प्रॅक्टिसच्या सुरुवातीला मीही बघत नव्हतो.

मागे एक शिक्षिका माझ्याकडे आल्या. पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन ठरलं होतं आणि त्याआधीच्या तपासणीत प्लेटलेट निघाल्या 41,000. नॉर्मल साधारण दीड ते साडेचार लाख. ऑपरेशन पुढे ढकललं गेलं. घरच्यांनी मोबाइलवर शोधाशोध केली आणि गाडी थेट ब्लड कॅन्सरवर जाऊन थांबली. एक भाऊ तर प्लेटलेटसाठी रक्तदाते जमवायलाही लागला होता.

मी विचारलं, "दात घासताना रक्त येतं? अंगावर लाल ठिपके, काळेनिळे डाग? पाळीत जास्त जातं?" सगळ्याचं उत्तर नाही. तापही नाही. मग मी त्या टेकड्या बघितल्या.

या टेकड्या कशा तयार होतात ते समजून घ्या. बहुतेक साध्या यंत्रांत रक्त पातळ करून एका बारीक छिद्रातून ओढतात. छिद्रातून वीज वाहत असते. पेशी आडवी आली की विजेला अडथळा होतो. पेशी जेवढी मोठी, तेवढा अडथळा जास्त. वॉलेस कूल्टर या अमेरिकन संशोधकाची ही युक्ती, 1953 साली तिला पेटंट मिळालं. म्हणजे यंत्र पेशी 'ओळखत' नाही, फक्त आकार मोजतं. आलेखात डावीकडून उजवीकडे आकार वाढत जातो आणि टेकडीची उंची सांगते, त्या आकाराच्या पेशी किती. प्लेटलेट साधारण 2 ते 20 फेम्टोलिटरच्या, लाल पेशी सरासरी 80 ते 100 च्या.

प्लेटलेटची टेकडी उजवीकडे उतरत जमिनीला टेकायला हवी. बाईंच्या रिपोर्टमध्ये ती टेकलीच नव्हती, शेपूट वरच राहिलं होतं. आणि पांढऱ्या पेशींची रेघ डावीकडे जमिनीवरून नव्हे, वरूनच सुरू झाली होती. प्लेटलेट गायब नव्हत्या. त्या एकमेकींना चिकटून गुच्छ झाले होते, आणि यंत्राला गुच्छ म्हणजे मोठी पेशी!

जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए असतं. काही थोड्या लोकांच्या प्लेटलेट त्यातच चिकटतात. शरीरात नाही, फक्त नळीत. हा आजार नव्हे.

तरी नुसत्या आलेखावर मी निकाल दिला नाही. लाल पेशींचे तुकडे किंवा मोठ्या आकाराच्या प्लेटलेट असल्या तरी शेपूट असंच दिसू शकतं. पॅथॉलॉजिस्टना फोन करून काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगितली. गुच्छ दिसले. मग सायट्रेटच्या, निळ्या झाकणाच्या नळीत रक्त घेऊन लगेच मोजलं: 1,98,000. या नळीतल्या द्रवाने रक्त थोडं पातळ होतं, म्हणून 1.1 ने गुणायचं. झाले जवळजवळ 2 लाख 18 हजार.

बाई आधी हसल्या, मग रडल्या. भावाला तिथूनच फोन लावला.

हे वाचून डेंग्यूच्या तापात "माझेही गुच्छच असतील" असं मात्र घरबसल्या ठरवू नका. तिथे प्लेटलेट खरोखर कमी होतात. पण अंगावर काही लक्षण नाही आणि आकडा अचानक घाबरवणारा आला, तर डॉक्टरांना एवढंच विचारा, "स्लाइड बघितली का?" हा प्रश्न विचारल्याबद्दल कोणी चांगला डॉक्टर रागावणार नाही.

बाईंच्या फाइलच्या पहिल्या पानावर मी लाल पेनाने लिहून दिलं आहे: 'ईडीटीएमध्ये प्लेटलेट चिकटतात, सायट्रेट नळीत मोजा.' ऑपरेशन तीन आठवड्यांनी झालं. प्लेटलेटची एकही पिशवी लागली नाही.