दुसऱ्या वर्गाचा पास

आपल्या देशात दुसरा वर्ग म्हणजे नेमका कितवा वर्ग, हे भल्याभल्यांना सांगता यायचं नाही. १९७४ साली रेल्वेने तिसरा वर्ग रद्द केला, तेव्हाची हकीगत वडील रंगवून सांगायचे. रात्री तिसऱ्या वर्गात झोपलेला माणूस सकाळी दुसऱ्या वर्गात जागा झाला. बाकं तीच, ढेकूण तेच, खिडकीतून जागा धरण्यासाठी फेकलेला रुमालही तोच. डब्यावरच्या तीन उभ्या रेघांपैकी एक रेघ तेवढी पुसली, की सबंध जनता एका दमात वर चढली. असं सार्वत्रिक प्रमोशन त्यानंतर आमच्या बँकेतसुद्धा कधी झालं नाही.

फुटबॉलमध्ये याच्या बरोबर उलटं झालं. १९९६ साली देशात राष्ट्रीय लीग सुरू झाली, २००७ मध्ये तिचं नाव आय-लीग ठेवलं. तोपर्यंत सगळं ठीक होतं. मग २०१४ साली आयएसएल आली. नटनट्या, आतषबाजी, परदेशातून आणलेले निवृत्तीला टेकलेले मोठे खेळाडू, असा सगळा वऱ्हाडाचा थाट. काही वर्षं दोन्ही लीगा एकाच घरातल्या दोन जावांसारख्या नांदल्या, आणि २०२२-२३च्या मोसमापासून आय-लीग अधिकृतपणे दुसऱ्या पायरीची ठरली. कुणी सामना हरलं नव्हतं की कुणाचे गुण कमी पडले नव्हते. उभ्या गाडीच्या डब्यावर कुणीतरी एक रेघ वाढवली, इतकंच.

माझा जीव या रेघ वाढवलेल्या डब्यात अडकला. का, ते सांगणं कठीण आहे. बी.कॉम. मी सेकंड क्लासमध्ये झालो, लोकलने सेकंड क्लासने जातो, तेव्हा जन्मजात आपुलकी म्हणा हवं तर. शिवाय २०२२-२३च्या त्या मोसमात मुंबईचा केंकरे हा क्लब आय-लीगमध्ये होता आणि त्याचे घरचे सामने कूपरेजला होते. आधीची दोन वर्षं करोनामुळे सगळी लीग बंगालमध्ये कोंडून खेळवली होती. आता प्रत्येक संघ आपापल्या गावी खेळणार होता. बारा संघ, प्रत्येकाचे बावीस सामने. त्यातले अकरा घरचे.

‘घरचे’ हा शब्द मी जरा सैल वापरतो आहे. माझं घर मसोलीला. मसोलीहून डहाणू रोड स्टेशन रिक्षाने, आणि तिथून चर्चगेट १२४ किलोमीटर. २०१३ साली डहाणूपर्यंत लोकल आली तेव्हा गावात पेढे वाटले होते. त्या लोकलमध्ये बसल्यावर पेढा विरघळतो, चहा येतो, झोप येते, झोप पुरी होते, आणि तरी विरार यायचं असतं. एका दुपारच्या सामन्यासाठी मी सकाळी निघायचो आणि रात्री परतायचो. जाऊन येऊन साडेपाच-सहा तास गाडीत, दीड तास खेळ. हिशेब व्यापारी दृष्ट्या तोट्याचा आहे हे मला कॉमर्सच्या पदवीविनाही कळलं असतं. ही पहिल्यांदा म्हणाली, “अहो, टीव्हीवर लागतो तो फुटबॉल वेगळा असतो का?” मी म्हटलं, वेगळा असतो. “मग तो बघा की. त्यात गोल तरी होतात.”

कूपरेजला प्रेक्षक किती असायचे हे मी मुद्दामच मोजत नसे. आमच्या शाखेत पेन्शनच्या तारखेला यापेक्षा जास्त गर्दी होते. पण गर्दी कमी असल्याचा एक फायदा असतो, खेळाडूंचं बोलणं ऐकू येतं. मोठ्या स्टेडियममध्ये फुटबॉल दिसतो. इथे तो ऐकू यायचा. गोलकीपर बचावपटूंवर ओरडायचा ते ऐकून मला आमच्या मॅनेजरांची आठवण यायची. शब्द साधारण तेच, फक्त कीपर शेवटी “शाब्बास” म्हणायचा. माझ्या मागे एक गृहस्थ नेहमी बसत. ते कोणत्या संघाचे पाठीराखे आहेत हे मोसम संपेपर्यंत मला कळलं नाही. दोन्ही बाजूंच्या चुकांना ते सारख्याच तळमळीने कपाळावर हात मारून घेत.

आणि चुका भरपूर होत्या. केंकरे तळाशी घुटमळत राहिला. मार्च २०२३ मध्ये मोसम संपला तेव्हा पंजाबचा राउंडग्लास पहिला आला आणि वर गेला. पैसे भरून नव्हे, तर खेळून आयएसएलमध्ये गेलेला तो पहिला क्लब. तळाचे दोन क्लब, दिल्लीचा सुदेवा आणि आमचा केंकरे, खाली गेले. त्याच मोसमात, त्याच शहरात, अंधेरीला खेळणाऱ्या मुंबई सिटीने आयएसएलच्या गुणतक्त्यात पहिलं येऊन ढाल पटकावली. चर्चगेट ते अंधेरी ही तीच पश्चिम रेल्वे. मुंबईकरांना ढालीची बातमी कळली. केंकरेची कळली ती मला, मागच्या गृहस्थांना, आणि माझ्यामुळे नाइलाजाने आमच्या हेड कॅशियरना.

हेड कॅशियरना मी सोमवारी म्हणालो, “आपली टीम खाली गेली.”

“खाली म्हणजे? डिमोशन?”

“हो.”

“चार्जशीट दिली होती?”

“नाही हो. सामने हरले.”

“चार्जशीट नाही, एन्क्वायरी नाही आणि एकदम डिमोशन? युनियन काय करत होती?”

त्यांचा राग खरा होता. बँकेत माणूस एकदा ज्या खुर्चीत बसला तिथून त्याला खाली आणायचं म्हणजे कागदांचा गठ्ठा लागतो. तिकडे परदेशात मात्र क्लबांना खाली उतरण्याचं इतकं काही वाटत नाही, असं मी त्यांना सांगितलं, आणि मग जेवणाच्या सुट्टीत त्यांना स्कॉटलंडला नेलं.

स्कॉटलंडच्या दुसऱ्या पायरीच्या लीगमध्ये दहा संघ असतात. एकमेकांशी चार-चार वेळा खेळतात, म्हणजे मोसमात छत्तीस सामने. चारदा त्याच माणसाशी खेळायचं म्हणजे खेळ कमी आणि शेजार जास्त. २०१४-१५ साली या दुसऱ्या वर्गात हार्ट्स, हिबर्नियन आणि रेंजर्स असे तीन खानदानी क्लब एकदम येऊन बसले होते. रेंजर्सने तोवर ५४ वेळा देशाचं अजिंक्यपद मिळवलेलं. पण २०१२ मध्ये कंपनी देण्यांत बुडाली, तेव्हा क्लबला थेट चौथ्या पायरीवर बसवलं. मग एक-एक पायरी चढत २०१६ मध्ये ते वर आले आणि २०२१ मध्ये पुन्हा अजिंक्य झाले. हेड कॅशियर म्हणाले, “कर्जदाराला असं वागवतात होय! आपल्याकडे असं केलं तर एन.पी.ए. राहणार नाहीत.”

पण माझा तिथला लाडका क्लब आर्ब्रोथ. उत्तर समुद्राच्या काठचं मासेमारीचं लहानसं गाव, धुरावर भाजलेल्या हॅडॉक माशासाठी प्रसिद्ध. मैदान समुद्राला इतकं खेटून, की वादळात लाटेचं पाणी भिंतीवरून आत येतं. डहाणूच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घातलेल्या दांड्यांशेजारी आमची पोरं खेळतात, तेव्हा चेंडू भरतीत गेला की सामना थांबतो. त्यामुळे आर्ब्रोथचं मैदान मला फोटो बघताक्षणीच ओळखीचं वाटलं. वासासकट. या क्लबचा जन्म १८७८चा. १२ सप्टेंबर १८८५ रोजी त्यांनी बॉन अकॉर्ड नावाच्या संघाला ३६-० असं हरवलं. छत्तीस! त्या दिवशी पाऊस होता आणि आर्ब्रोथचा गोलकीपर एका प्रेक्षकाची छत्री उसनी घेऊन उभा राहिला होता, असं म्हणतात. छत्री उसनी देणारा प्रेक्षक आणि ती परत करणारा कीपर, या दोघांपैकी कुणाचं कौतुक जास्त करावं हा प्रश्न मला पडतो.

तर या आर्ब्रोथचे खेळाडू नोकऱ्या सांभाळून खेळणारे. आठवड्यातून दोन संध्याकाळी सराव. त्यांच्यातला बॉबी लिन हा सकाळी कचऱ्याच्या गाडीवर काम करायचा. २०२१-२२च्या मोसमात या मंडळींनी पूर्ण वेळ पगारी संघांना घाम फोडला. एप्रिल संपत आला तरी अजिंक्यपदाच्या शर्यतीत. शनिवारी आपल्याकडे रात्री साडेआठला, आणि उन्हाळ्यात साडेसातला, मी मोबाइलवर नुसता आकडा बघत बसायचो. चित्र नाही, आवाज नाही, फक्त शून्याचा एक होतो का ते. बँकेत पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला आकड्याकडे टक लावून बसण्याचं वावडं नसतं. २२ एप्रिल २०२२ला किल्मार्नॉकने शेवटच्या मिनिटांत गोल मारून त्यांना २-१ हरवलं आणि दोन गुणांनी अजिंक्यपद नेलं. नंतरच्या बाद फेरीत आर्ब्रोथ पेनल्टींवर गेला. २०२४ मध्ये तर ते खालच्या लीगमध्ये उतरले. आणि २०२५ मध्ये ती जिंकून परत वर आले.

हे सगळं ऐकून हेड कॅशियरनी डबा बंद केला आणि विचारलं, “आणि आपले? आपले खाली जाऊन परत वर कधी आले?”

मी उत्तर द्यायला म्हणून बोटं मोजू लागलो. महिंद्र युनायटेड २००५-०६चे राष्ट्रीय लीग विजेते. २०१० मध्ये संघ बंद. पुणे एफ.सी., २०१५ मध्ये बंद. पुण्याचेच डी.एस.के. शिवाजियन्स, २०१७ मध्ये बंद. मुंबई एफ.सी. २००७ मध्ये उघडलं, २००८ मध्ये दुसरी डिव्हिजन जिंकून वर आलं, २०१७ मध्ये तळाला गेलं, आणि खालच्या लीगमध्ये खेळण्याऐवजी तेही मिटलं. आमच्याकडे क्लब उतरत नाहीत, त्यांची खाती बंद होतात. खाली उतरायला खाली एक पायरी लागते, तिच्यावर कुणी बघायला उभं असावं लागतं, आणि तिथे खेळायचा खर्च करणारा कुणी असावा लागतो. त्यातलं काही नसलं म्हणजे माणूस उतरत नाही, जिन्यावरून नाहीसा होतो.

मुंबई एफ.सी.बद्दल मला विशेष हळहळ वाटते. २००९ पासून तिचे प्रशिक्षक खालिद जमील. संघ कधी अजिंक्यपदाच्या जवळ गेला नाही. पण दरवर्षी तळाला लटकायचा आणि दरवर्षी वाचायचा. मार्च अखेरीला टॅली लागावी तसा. दहावं येणं टाळण्याला ढाल देत नाहीत, मिरवणूक निघत नाही. आमच्या शाखेत दररोज संध्याकाळी रोकड जुळते, तेव्हाही कुणी हार घालत नाही. एक दिवस जुळू दे नको, मग बघा.

आता प्रमोशनचं सांगतो, कारण ते याच सुमाराचं आहे. २०२३च्या पावसाळ्यात क्लार्कमधून ऑफिसर होण्याच्या यादीत माझं नाव आलं. ऑफिसर म्हणजे पगार थोडा वाढतो आणि नकाशा फार वाढतो. बदली कुठेही. घरात आई, तिचे गुडघे, बारावीतला मुलगा, आणि आजोबांनी लावलेली चिकूची अकरा झाडं. झाडांची बदली होत नाही. ही म्हणाली, “तुमचं तुम्ही ठरवा,” म्हणजे ठरलं होतं. तीन दिवस तो फॉर्म माझ्या खिशात होता. त्या तीन दिवसांत मी आरशापुढे “साहेब” असं दोनदा म्हणून पाहिलं. वाईट वाटलं नाही. मग ‘अनिच्छुक’ या शब्दासमोर सही केली.

शाखेत दोन तट पडले. हेड कॅशियर म्हणाले, “वर जायचा चान्स कुणी सोडतं का?” मी म्हटलं, गोव्याचा डेम्पो सोडतो. पाच वेळा देशाचा अजिंक्य क्लब. २०१५ मध्ये खाली उतरला, पुढच्याच वर्षी दुसरी डिव्हिजन जिंकून वर यायचा हक्क मिळवला, आणि मग वर आलाच नाही. आय-लीगला दुसऱ्या पायरीवर ढकलायचा बेत जाहीर झाला होता. साळगावकर, स्पोर्टिंग आणि डेम्पो, गोव्याचे तिघेही २०१६ मध्ये बाहेर पडले. परीक्षा पास होऊन ‘अनिच्छुक’वर सही! डेम्पोला परत राष्ट्रीय लीगमध्ये दिसायला २०२४ उजाडलं, तेही तिसऱ्या पायरीवरून चढून.

आणि गोव्याच्या त्या रिकाम्या जागांमुळे काय झालं पाहा. मिझोरामचा ऐझॉल हा क्लब नुकताच आय-लीगमधून खाली गेला होता. त्याला परत बोलावून घेतलं. त्याच वर्षी खालिद जमील आणि मुंबई एफ.सी. वेगळे झाले होते. ते ऐझॉलचे प्रशिक्षक झाले. ३० एप्रिल २०१७ला शिलाँगमध्ये १-१ बरोबरी करून ऐझॉल देशाचा अजिंक्य झाला, मोहन बागानपेक्षा एक गुण जास्त. आणि त्याच गुणतक्त्यात अगदी खाली, सगळ्यांच्या खाली, मुंबई एफ.सी. खालिद जमील पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये भारताचेच प्रशिक्षक झाले.

माझ्या ‘अनिच्छुक’नंतर यादीतलं पुढचं नाव उचललं गेलं. तलासरीची मुलगी, माझ्याच काउंटरवर तीन वर्षं बसलेली, वारली घरातली पहिली पदवीधर. तिला थेट विदर्भात टाकलं. निघताना ती पाया पडली तेव्हा मला विलक्षण अवघडल्यासारखं झालं, कारण मी काही दिलं नव्हतं, फक्त घेतलं नव्हतं. गेल्या वर्षी ती आमच्याच शाखेत तपासणीला आली. सबंध दिवस मला “सर” म्हणाली आणि माझ्या व्हाउचरांत चार त्रुटी काढल्या. तीन बरोबर होत्या. चौथीवर आम्ही पाऊण तास वाद घातला.

संध्याकाळी निघताना तिने विचारलं, “सर, तुमचा तो कूपरेजचा क्लब वर आला का?”

“अजून नाही.”

“आला की कळवा,” ती म्हणाली, आणि चौथी त्रुटी तिने तशीच ठेवली.