विक्रमी रस्ता आणि सायकलची कड

अमरावतीहून अकोल्याला निघालात, की बडनेरा मागे पडते आणि काळ्या मातीचे सपाट रान सुरू होते. दोन्ही अंगांनी पऱ्हाटी, तूर, सोयाबीन आणि मधून डांबरी महामार्ग. लोणी, माना, मूर्तिजापूर, काटेपूर्णा नदी, बोरगाव मंजू अशी गावे येतात नि जातात. पूर्वी या रस्त्याला ६ नंबरचा महामार्ग म्हणत. आता त्याचा नंबर ५३ आहे.

२०२२ साली या रस्त्याचे नाव जगभर झाले. ३ जूनच्या सकाळी लोणी ते माना या टप्प्यात डांबरीकरण सुरू झाले ते ७ जूनच्या संध्याकाळी थांबले. १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरचा एक पदर, म्हणजे दोनपदरी हिशेबाने साडेसदतीस किलोमीटर, सलग पूर्ण झाला. सुमारे ७०० माणसे पाळीपाळीने रात्रंदिवस राबली. आधीचा विक्रम कतार देशातल्या दोहा शहराचा होता. तो मोडला आणि गिनेस बुकात आपल्या वऱ्हाडची नोंद झाली. उन्हात तापते डांबर पसरणाऱ्या त्या हातांचे कौतुक करावे तेवढे थोडे.

पण विक्रमात मोजली गेली ती मोटारीची वाट. सायकलवाल्याची वाट कोणती? ती रस्त्याची कड. कामावर निघालेला मजूर, दुधाचे कॅन अडकवलेला गडी, शाळेला निघालेली पोर, सारे याच कडेने जातात. आठवी ते बारावीच्या मुलींना सरकारने मानव विकास कार्यक्रमातून सायकली दिल्या, हे चांगलेच झाले. मात्र सायकल दिली आणि वाट द्यायची राहिली.

कडेचे हाल कसे होतात ते पाहा. डांबराचा नवा थर चढला, की रस्ता उंच होतो. शेजारच्या साइडपट्टीवर तेवढाच मुरूम पडला नाही, तर काठाला पायरी तयार होते. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. त्यामुळे पट्टी लवकर खचते. मोटारीला त्याचा पत्ताही लागत नाही. सायकलचे चाक मात्र त्या पायरीवर घसरते आणि माणूस ट्रकच्या बाजूला पडतो. जिथे कड डांबरी असते, तिथे खडी आणि काचा साचतात, बाभळीच्या फांद्या आत येतात, नाही तर बंद पडलेला ट्रक उभा असतो. मग सायकलवाल्याला ऐन रहदारीत शिरावे लागते.

दुभाजकाचेही तसेच. वेगाला अडथळा नको म्हणून मधल्या वाटा बंद होतात. समोरचा धुरा गाठायला दोन किलोमीटर पुढे जाऊन वळून यायचे, तर मोटारीला चार मिनिटे लागतात. सायकलीला पाव तासाहून जास्त. म्हणून लोक उलट्या बाजूने येतात आणि अपघात झाला, की दोषही त्यांच्याच माथी बसतो.

हे कुणाला सुचलेच नव्हते असे नाही. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्ते-अभियंत्यांच्या संस्थेने १९६२ सालीच सायकलपट्टीच्या शिफारशी छापल्या होत्या. गर्दीच्या तासाला २०० हून अधिक मोटारी जात असतील, तर १०० सायकलींसाठीही वेगळी पट्टी असावी, असे त्यांत म्हटले होते. पण महामार्गाच्या भीतीने सायकल घरीच राहिली, तर मोजणीत १०० भरणार कशा? वाट नाही म्हणून सायकली कमी, आणि सायकली कमी म्हणून वाट नाही!

हॉलंडमध्ये आज सायकलींना वेगळ्या वाटा दिसतात. तिथेही १९७१ या एका वर्षात रस्त्यांवर ४०० हून अधिक मुले दगावली होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले, त्यांनी चळवळ केली, आणि मग सरकारने वाटा बांधल्या.

आपण काय करावे? पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा गावच्या हद्दीतली कड चालून पाहावी. पट्टी कुठे खचली, फांदी कुठे आडवी आली, शाळेची मुले कुठे रस्ता ओलांडतात, हे लिहून ग्रामसभेत ठराव करावा आणि त्याची प्रत महामार्ग प्राधिकरणाला पाठवावी. १०३३ या नंबरावर फोन करूनही तक्रार देता येते. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात नवे कलम आले. सुरक्षेचे निकष न पाळल्यामुळे कुणी मेले वा अपंग झाले, तर रस्त्याला जबाबदार असलेल्या यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मागणीही साधी ठेवावी: डांबराच्या बरोबरीने मुरूम, झाडलेली कड, आणि गावापासून शाळेपर्यंत वेगळी वाट.

गाडगेबाबांची समाधी अमरावतीतच आहे. त्यांनी हाती खराटा घेऊन गावोगावचे रस्ते झाडले. ज्या मुलखात असा माणूस होऊन गेला, तिथे शाळेला जाणाऱ्या लेकरांची कड झाडून मागण्यात संकोच कसला?